सवलतीने दहावी, पण पुढे काय?

दहावीचा निकाल लागला की वृत्तपत्रांत दरवर्षी एक ठरावीक बातमी असते. अंधत्वावर, कर्णबधिरत्वावर किंवा अध्ययन अक्षमतेवर मात करून चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांची छायाचित्रे छापली जातात, सत्कार होतात, मदतीचे धनादेश दिले जातात. हे कौतुक रास्तच आहे. मात्र हीच मुले तीन वर्षांनंतर कोठे असतात, याची बातमी सहसा होत नाही. त्याचे कारण सरकारच्याच आकडेवारीत सापडते.

शालेय शिक्षणाची माहिती गोळा करणाऱ्या केंद्र सरकारच्या 'यूडायस प्लस' अहवालानुसार २०२१-२२ मध्ये देशभरातील शाळांत विशेष गरजा असलेली २२.६७ लाख मुले शिकत होती. त्याच वर्षीच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात महाविद्यालये व विद्यापीठांतील एकूण विद्यार्थिसंख्या ४.३३ कोटी नोंदवली गेली. त्यांतील दिव्यांग विद्यार्थी नव्वद हजारांच्याही आत होते. शाळेची वर्षे अधिक आणि महाविद्यालयाची कमी, त्यामुळे या दोन संख्यांची थेट वजाबाकी करता येणार नाही. शिवाय महाविद्यालयात गेल्यावर स्वतःची नोंद दिव्यांग म्हणून न करणारेही असतात. पण प्रमाण पाहिले तरी चित्र बदलत नाही. शाळेत हजार मुलांमागे आठ-नऊ मुले विशेष गरजा असलेली आढळतात, तर महाविद्यालयात हजारामागे जेमतेम दोन. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत दिव्यांगांचा वाटा २.२१ टक्के होता, हे लक्षात घेतले तर शाळेतील प्रमाणही तोकडेच आहे. म्हणजे बरीच मुले शाळेच्या नोंदीत येतच नाहीत, आणि जी येतात त्यांतील बहुसंख्य महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचत नाहीत.

या गळतीला गरिबी, अंतर, सामाजिक अनास्था अशी अनेक कारणे आहेत. पण त्यातील एक कारण शिक्षणव्यवस्थेने स्वतःच निर्माण केले आहे. दिव्यांग मुलाला मदत करणे म्हणजे त्याला परीक्षेत सवलत देणे, एवढाच अर्थ आपल्याकडे रूढ झाला. सवलत ही परीक्षेच्या तीन तासांपुरती असते. महाविद्यालयासाठी लागणारी तयारी मात्र काही वर्षे आधी सुरू व्हावी लागते. ती करून घेण्याची जबाबदारी कोणाची, हे राज्यातील सार्वजनिक शाळांत आजही स्पष्ट नाही.

महाराष्ट्राचे पहिले पाऊल

या विषयात महाराष्ट्राने इतर राज्यांच्या आधी पाऊल उचलले, हे मान्य केलेच पाहिजे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश होता आणि अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. डिसलेक्सिया, डिसग्राफिया किंवा डिस्कॅल्क्युलिया असलेले मूल बुद्धीने कमी नसते. वाचन, लेखन किंवा गणन यांपैकी एखादी प्रक्रिया त्याच्या मेंदूला विलक्षण जड जाते. अशा मुलाची गणना त्या काळी 'ढ' किंवा 'आळशी' या दोनच सदरांत होत असे. तरीही १९९६ मध्ये राज्य सरकारने या मुलांना सर्वसाधारण शाळेत राहून परीक्षा देण्यासाठी सवलती मंजूर केल्या. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, लेखनिकाची मदत, दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभव आणि बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित व कार्यानुभव असे त्यांचे स्वरूप होते. मुंबईत शीव, नायर आणि केईएम या महापालिकेच्या रुग्णालयांत तपासणी व प्रमाणपत्राची सोय झाली. २००७ च्या अखेरीस 'तारे जमीं पर' प्रदर्शित झाला आणि हा विषय घराघरांत पोहोचला. केंद्राच्या कायद्यात अध्ययन अक्षमतेला स्थान मिळण्यासाठी मात्र २०१६ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला.

म्हणजे राज्य केंद्राच्या वीस वर्षे पुढे होते. मात्र या वीस वर्षांत सवलतींच्या पलीकडे काय घडले, हा प्रश्न विचारला की उत्तर देणे अवघड होते.

सवलत आणि तयारी

गणिताचेच उदाहरण घ्यावे. आठवी-नववीपर्यंत गणितात सातत्याने नापास होणाऱ्या मुलाला बीजगणित-भूमिती सोडण्याची मुभा मिळाली, तर घराचा जीव भांड्यात पडतो. दहावी सुटते. काही मुलांसाठी हा मार्ग खरोखरच आवश्यक असतो. परंतु त्याच निर्णयाने अकरावीत गणित घेण्याची शक्यता जवळपास संपते आणि पुढे अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, संख्याशास्त्र अशा शाखांची वाट अडते. चौदाव्या वर्षी घेतलेला हा निर्णय अठराव्या वर्षी अंगाशी येतो. तो घेताना पालकांसमोर पुढील वाटांचा नकाशा कोणी मांडलेला असतो का? अनेकदा शाळेला निकालाची टक्केवारी दिसत असते आणि पालकांना नापास होण्याचे भय.

लेखनिकाचेही तसेच आहे. लेखनिक मिळाला म्हणजे प्रश्न सुटला, असे समजले जाते. वास्तविक उत्तर मनात जुळवून, दुसऱ्याला कळेल अशा क्रमाने व वेगाने सांगणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. ज्या मुलाने वर्षभरात एकदाही लेखनिकाबरोबर सराव केलेला नाही, त्याला थेट बोर्डाच्या परीक्षेत अनोळखी लेखनिक देणे ही मदत अपुरी ठरते. शुद्धलेखनाच्या चुका माफ झाल्याने गुण वाचतात. पण पदवीच्या वर्गात चाळीस पानांचे प्रकरण वाचून त्याचा गोषवारा लिहिण्याची वेळ येते, तेव्हा ती माफी उपयोगी पडत नाही. तेथे उपयोगी पडते ती मजकूर वाचून दाखवणारी संगणक प्रणाली हाताळण्याची सवय, ध्वनिमुद्रित पुस्तकांची ओळख, टिपणे काढण्याची आपली अशी पद्धत. अंध विद्यार्थ्यांच्या बाबतीत नकाशे व आकृत्यांना पर्यायी प्रश्न देण्याची पद्धत आहे. परंतु उठावाच्या आकृत्या हाताने वाचायला शिकवले गेले नाही, तर विज्ञान किंवा अर्थशास्त्राचा आलेख त्याच्यासाठी कायमचा परका राहतो.

थोडक्यात, सवलत अडथळा बाजूला करते. तो पार करण्याचे साधन देत नाही. दोन्हींची गरज आहे. आपण पहिल्यावर थांबलो.

सरकारी शाळेतील मूल

निदान सवलत तरी सर्वांना मिळते का? येथे विषमता उघडी पडते. खासगी इंग्रजी शाळेतील सुस्थित पालक मुलाची अडचण तिसरी-चौथीत ओळखतात, समुपदेशक गाठतात, उपचारात्मक अध्यापनाचे शुल्क भरतात. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलाला वाचता येत नाही, हे शिक्षकाला दिसते. पण वर्गात वाचता न येणारी आणखीही मुले असतात. गैरहजेरी, घरातील वेगळी भाषा, पहिल्या पिढीचे शिक्षण अशी कारणे समोर असताना त्यांतून अध्ययन अक्षमता वेगळी ओळखायला प्रशिक्षित नजर लागते. ती नसली की मूल पुढच्या वर्गात ढकलले जाते आणि नववीत एकदम अडते.

भाषेचा अडसर तर वेगळाच. मुंबई महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते. पण अध्ययन अक्षमता तपासण्याच्या प्रमाणित चाचण्या दीर्घकाळ प्रामुख्याने इंग्रजीतच होत्या. मराठी किंवा उर्दू माध्यमाच्या मुलाची वाचनाची अडचण इंग्रजी उताऱ्यावर कशी तपासणार? मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांसाठी 'डाली' ही चाचणीमाला तयार केली, हे महत्त्वाचे पाऊल होते. मराठी मुलांसाठी साधन उपलब्ध झाले. ते प्रत्येक तालुक्यात वापरणारा माणूस उपलब्ध होणे हा पुढचा आणि अधिक कठीण भाग आहे.

त्यानंतर येते प्रमाणपत्र. केंद्राने जानेवारी २०१८ मध्ये अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून देता येते, चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी अपेक्षित असते. वैद्यकीयदृष्ट्या यात तर्क आहे. पण प्रत्येक तपासणी म्हणजे रुग्णालयाच्या अनेक खेपा. आणि प्रत्येक खेप म्हणजे रोजंदारीवरील आई-बापाचा बुडालेला दिवस. ज्या टप्प्यावर दहावी आणि बारावी येते, नेमक्या त्याच टप्प्यांवर या फेऱ्या येतात. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर राहणाऱ्या कुटुंबाने हा खटाटोप अर्धवट सोडला, तर त्याला दोष कसा द्यावा?

शाळेच्या बाजूने या मुलासाठी उभा राहणारा माणूस म्हणजे विशेष शिक्षक. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्राथमिक स्तरावर दहा, तर त्यापुढील स्तरांवर पंधरा विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले. साडेतीन वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, त्याच प्रकरणात न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले, की आधी मंजूर पदांची संख्या तरी अधिसूचित करा. महाराष्ट्रात हे काम वर्षानुवर्षे प्रामुख्याने कंत्राटी विशेष शिक्षकांवर चालले. २०२४ मध्ये राज्य सरकारने केंद्र स्तरावर विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र केंद्र म्हणजे परिसरातील अनेक शाळांचा समूह. एका शाळेत आठवड्यातून एखादा दिवस, कधी तोही नाही, असे हे गणित होते. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद धरली जाते. महिन्याला तीनशे रुपयांहूनही कमी रकमेत उपकरणे, साहित्य, प्रशिक्षण, शिबिरे असा सगळा संसार मांडायचा असतो. महाविद्यालयाची तयारी हा शब्द या हिशेबात कोठे बसवायचा?

प्रवेशद्वारावरची लढाई

उच्च शिक्षणाच्या बाजूने कायदा आज बराच उदार आहे. २०१६ च्या कायद्यानुसार सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट आहे. पण हा ४० टक्क्यांचा उंबरठाच अनेकदा भिंत होतो. पायाच्या व्यंगाचे प्रमाण मोजता येते. वाचनातील अडचणीचे टक्के कसे मोजायचे? वैद्यकीय प्रवेशासंबंधीच्या २०१९ च्या नियमांत तर अध्ययन अक्षमतेची तीव्रता मोजण्याचे परिमाण उपलब्ध नसल्याने ही मर्यादा मनमानी असल्याची कबुली तळटीपेतच होती. तरीही प्रवेश त्याच मर्यादेवर ठरत राहिले.

न्यायालयांनी यात वेळोवेळी हस्तक्षेप केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सोय केवळ ४० टक्क्यांवरील दिव्यांगांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईत 'नीट' दिलेल्या, डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण न्यायालयापुढे आले. नियमानुसार तिला एक तास जादा मिळायला हवा होता. परीक्षा केंद्रावरील कर्मचाऱ्यांना नियमाची कल्पनाच नव्हती आणि तिची उत्तरपत्रिका वेळेत काढून घेण्यात आली. न्यायालयाने चूक परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेची असल्याचे स्पष्ट सांगितले, यंत्रणेला उपाय शोधण्यास बजावले. पण एका विद्यार्थिनीसाठी फेरपरीक्षा घेण्याचा आदेश दिला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातीलच एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात, केवळ दिव्यांगत्वाची टक्केवारी पाहून वैद्यकीय प्रवेश नाकारता येणार नाही, तो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का हे तज्ज्ञ मंडळाने तपासावे, असे न्यायालयाने सांगितले.

तत्त्व म्हणून हे निकाल मोलाचे आहेत. पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत, माहिती आणि चिकाटी किती घरांत असते? जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाला आपल्याला जादा वेळेचा हक्क आहे, तो कोणाकडे आणि केव्हा मागायचा, हेच ठाऊक नसते. शाळेत त्याच्या वतीने बाई किंवा मुख्याध्यापक बोलत. महाविद्यालयात त्याला स्वतः बोलावे लागते. आपल्या अडचणीविषयी न संकोचता, नेमक्या शब्दांत बोलणे हीसुद्धा तयारीच आहे आणि शाळेत तिचा तास नसतो.

सोयी उभ्या राहिल्या की काय होते, याची उदाहरणे मुंबईतच आहेत. सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र सुरू झाले. रुईया महाविद्यालयातही असे केंद्र चालते. वाचनप्रणाली, पुस्तकांचे रूपांतर, परीक्षेची व्यवस्था एका छताखाली मिळाल्याने अशा ठिकाणी विद्यार्थी टिकतात. परंतु अशी केंद्रे मोजक्या नामवंत महाविद्यालयांत आहेत आणि तेथपर्यंत पोहोचण्यासाठी आधी दहावी-बारावीची पायरी नीट चढावी लागते.

अमेरिकेचा धडा

या विषयात नेहमी दाखला दिला जातो तो अमेरिकेचा. तेथे १९७५ च्या कायद्याने प्रत्येक अपंग मुलाला सार्वजनिक शाळेत मोफत व सुयोग्य शिक्षणाचा हक्क मिळाला. २०२२-२३ मध्ये तेथील सार्वजनिक शाळांतील सुमारे ७५ लाख, म्हणजे जवळपास १५ टक्के विद्यार्थी या कायद्याखाली सेवा घेत होते. प्रत्येकासाठी लेखी वैयक्तिक शिक्षण आराखडा असतो आणि मूल सोळा वर्षांचे होईपर्यंत त्या आराखड्यात शाळेनंतरच्या शिक्षणाची, नोकरीची व स्वतंत्र राहण्याची उद्दिष्टे नोंदवणे बंधनकारक आहे. शाळा सोडताना विद्यार्थ्याला त्याची क्षमता, अडचणी आणि उपयोगी पडलेल्या सोयी यांचा गोषवारा हातात दिला जातो. नावापुरती प्रगती पुरेशी नाही, मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती झाली पाहिजे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बजावले.

तरीही तेथे सारे आलबेल नाही. जादा खर्चाचा ४० टक्के वाटा उचलण्याचे संघराज्य सरकारचे मूळ आश्वासन कधीच पूर्ण झाले नाही. शिवाय शाळा संपली की तो कायदा संपतो. महाविद्यालयात केवळ भेदभावविरोधी कायदे लागू होतात. तेथे जादा वेळ, टिपणांची मदत मिळते, पण अभ्यासक्रम सोपा करून मिळत नाही. शाळेत ज्याचा अभ्यासक्रमच पातळ केला गेला, तो विद्यार्थी तेथे पहिल्याच सत्रात अडखळतो. बीजगणित सोडून दहावी झालेल्या आपल्याकडील मुलाची अडचण याहून वेगळी नाही. फरक एवढाच, की तेथे निदान शाळेने मुलाच्या पुढच्या वाटेचा विचार कागदावर करणे बंधनकारक आहे.

काय शक्य आहे?

या चर्चेत दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला, सवलतींचा गैरवापर होतो. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून उठलेल्या वादळानंतर हा संशय अधिक गडद झाला. गैरप्रकार रोखलेच पाहिजेत. पण खोट्या प्रमाणपत्राचा बंदोबस्त म्हणून खऱ्या गरजूच्या खेपा वाढवणे हा उपाय नव्हे. उलट, मदत लहानपणापासून शाळेच्या नोंदीत दिसत असेल तर ऐन परीक्षेच्या तोंडावर काढलेले संशयास्पद प्रमाणपत्र आपोआप उघडे पडते. दुसरा आक्षेप पैशांचा. तो खरा आहे, मात्र सर्वच उपाय खर्चिक नाहीत.

आठवीपासून प्रत्येक विशेष विद्यार्थ्याचा दोन पानी पुढील वाटेचा आराखडा करणे, विषय सोडण्यापूर्वी त्याने कोणत्या शाखा बंद होतील हे पालकांना त्यांच्या भाषेत लेखी सांगणे, नववीपासून सहामाही व वार्षिक परीक्षांत लेखनिक आणि जादा वेळेचा सराव देणे, दहावीनंतर कनिष्ठ महाविद्यालयाकडे मुलाच्या गरजांचा कागद सोपवणे, यांसाठी नवा कायदा लागत नाही. अभ्यासक्रम व परीक्षापद्धतीत योग्य बदल करणे आणि दिव्यांग मुलांच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे ही सरकारची जबाबदारी २०१६ च्या कायद्यातच लिहिलेली आहे. शाळकरी मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करण्याचेही त्यात बंधन आहे. तपासणीचे पथक रुग्णालयात वाट पाहत बसण्याऐवजी ठरलेल्या दिवशी शाळासमूहात गेले, तर पालकांच्या खेपा वाचतील.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोजमाप. 'यूडायस प्लस'मध्ये २०२२-२३ पासून शाळानिहाय बेरजेऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते. त्यामुळे आठवीत नोंदलेली विशेष मुले दहावीत किती, बारावीत किती आणि पदवीच्या पहिल्या वर्षात किती उरली, याचा माग काढणे आता शक्य आहे. राज्य सरकारने हा आकडा जिल्हानिहाय दरवर्षी जाहीर केला, तर दहावीच्या निकालाचे कौतुक आटोपल्यावर पुढच्या तीन वर्षांचा जाब विचारता येईल. तो आकडा जाहीर होत नाही तोवर सवलतीने दहावी झालेली मुले कोठे गेली, हे कोणालाच सांगता येणार नाही आणि ती कोठे गेली हे विचारण्याची गरजही कोणाला वाटणार नाही.